कोटेशनमधली अर्धी नावं: पहिल्या गेमिंग पीसीच्या एका लोकप्रिय संचाचं परीक्षण

पुण्यात टिळक रोडवर किंवा तपकीर गल्लीच्या आसपास संगणकाच्या दुकानात जाऊन "गेमिंग पीसी असेंबल करायचाय" असं सांगितलं, की पाच मिनिटांत सात-आठ ओळींचं कोटेशन हातात पडतं. रायझन ५, बी६५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर५, ९०६० एक्सटी, ५१२ एनव्हीएमई, ६५० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. कागदावर खोटं काहीच नसतं. तरी यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीत दोन-तीन निरनिराळ्या वस्तू बसू शकतात, आणि त्यांतली कोणती मिळणार हे पेटी उघडेपर्यंत कळत नाही. भाग एकमेकांना जुळतात की नाही, याचा बहुतेक निकाल या न लिहिलेल्या अर्ध्या नावातच लागतो.

इथे तपासायला घेतलेला संच हा पहिल्या बिल्डसाठी बऱ्याचदा सुचवला जाणारा आहे: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५०एम मदरबोर्ड, डीडीआर५-६००० रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची जेन ४ एसएसडी आणि ६५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. आमचं मत आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे, पुढे वाढवता येतो, आणि पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जोडणाऱ्याला तो फारसा छळत नाही. पण एसएमपीएस, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड या तीन ओळींत पूर्ण मॉडेल नंबर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रोसेसर: शेवटचं अक्षर वाचा

एएमडीचा रायझन ५ ७६०० जानेवारी २०२३ मध्ये आला. ६ कोर, १२ थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). पेटीवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी पूर्ण लोडवर तो ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. सोबत रेथ स्टेल्थ कूलर मिळतो आणि प्रोसेसरमध्येच साधं ग्राफिक्स असतं. हे दुसरं वैशिष्ट्य पहिल्या बिल्डसाठी फार मोलाचं आहे. ग्राफिक्स कार्ड न लावताही बोर्डाच्या एचडीएमआयवर चित्र येतं, त्यामुळे डिस्प्ले आला नाही तर दोष कार्डात आहे की बाकीच्या भागांत, हे घरच्या घरी शोधता येतं. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो आणि गेममध्ये जवळपास तितकाच वेगवान आहे, पण त्याला ग्राफिक्स नाही. नावातल्या 'एफ'चा अर्थ तोच. ज्यांच्या घरी तपासायला दुसरं कार्ड नाही त्यांनी ७६००च घ्यावा.

'जी' अक्षर याहून फसवं आहे. ८५००जी आणि ८६००जी हे प्रोसेसर एएम५ सॉकेटात (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेत) व्यवस्थित बसतात, विंडोज सुरू होतं, सगळं छान दिसतं. पण ८५००जी मध्ये ग्राफिक्स कार्डासाठी फक्त ४ पीसीआयई लेन (कार्ड आणि प्रोसेसरमधले डेटाचे रस्ते) आहेत आणि ८६००जी मध्ये ८. हे प्रोसेसर वेगळं कार्ड न लावता वापरण्यासाठी आहेत. एएम४ या जुन्या सॉकेटावरही तीच गोष्ट: ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश आणि पीसीआयई ४.०, तर ५६००जी मध्ये १६ एमबी कॅश आणि पीसीआयई ३.०. आरटीएक्स ५०६० ला मुळात ८ लेनच जोडलेल्या असतात, त्या ३.० च्या वेगाने चालल्या की कार्डाची ८ जीबी मेमरी भरताच गेम अडखळायला लागतो. कोटेशनमध्ये नुसतं "रायझन ५" असेल तर या सगळ्यांपैकी काहीही येऊ शकतं.

आणखी एक शब्द कागदावर हवा: बॉक्स. ट्रे प्रोसेसर, म्हणजे सुटा आलेला, बऱ्याचदा फक्त दुकानाच्या वॉरंटीवर विकला जातो आणि त्याला कूलर असेलच असं नाही. बॉक्सवर एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी असते. दोघांच्या भावातला फरक या वॉरंटीपुढे मोठा वाटू नये.

मदरबोर्ड: बी६५०एमच्या पुढची शेपटी

बी६५० हे फक्त चिपसेटचं नाव. एकाच कंपनीचे चार-पाच बोर्ड त्याच नावाने विकले जातात, आणि फरक असतो तो पुढच्या अक्षरांत. रॅमचे स्लॉट दोन की चार, एसएसडीचे एम.२ स्लॉट किती, वायफाय आहे की नाही, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंक आहे की उघडेच भाग आहेत, हे सगळं त्या शेपटीवर ठरतं. ७६०० साठी साधा बोर्डही पुरतो. ए६२० हा स्वस्त चिपसेटसुद्धा चालतो, फक्त त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि त्यातले सर्वांत स्वस्त बोर्ड पुढे ८ किंवा १६ कोरचा प्रोसेसर लावायच्या लायकीचे नसतात. एएम५ घेण्याचं मुख्य कारणच पुढची वाढ हे आहे. २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही या सॉकेटाला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. म्हणून बोर्डात थोडे पैसे जास्त घालणं आम्हाला पटतं.

एक सोय मात्र आवर्जून बघा: बायोस फ्लॅशबॅक. बायोस म्हणजे बोर्ड सुरू करणारं त्याच्यातलंच मूळ सॉफ्टवेअर. बोर्डाच्या मागच्या बाजूला छोटं बटण आणि खूण केलेलं यूएसबी पोर्ट असतं. दुकानात जुना पडून असलेला बी६५० बोर्ड आणि रायझन ९००० मालिकेतला प्रोसेसर एकत्र घेतला तर जुन्या बायोसवर तो सुरूच होत नाही. सॉकेट जुळतो, प्रोसेसर बसतो, पंखे फिरतात, पण चित्र नाही. फ्लॅशबॅक असेल तर फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर नवी बायोस फाइल टाकून, तिला कंपनीने सांगितलेलं नाव देऊन, प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतं. त्यासाठी २४ पिनची आणि ८ पिनची वीज तेवढी जोडलेली लागते. ७६०० सोबत हा प्रश्न येत नाही, कारण तो सगळ्या बी६५० बोर्डांवर चालतो. तरीही बायोस नवं करायचं कारण उरतंच. एप्रिल २०२३ मध्ये काही एएम५ प्रोसेसर रॅमच्या एक्स्पो प्रोफाइलवर (रॅम तिच्या पेटीवरच्या वेगाने चालवणाऱ्या तयार सेटिंगवर) जास्त एसओसी व्होल्टेज मिळाल्याने जळाले होते. त्यानंतरच्या बायोसमध्ये हे व्होल्टेज १.३ वर अडवलेलं आहे. आधी बायोस, मग एक्स्पो, हा क्रम सोडू नये.

कॅबिनेट आणि बोर्ड यांचाही मेळ इथेच बघून घ्यावा. कॅबिनेटला पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याचं वेगळं हेडर लागतं. ते नसेल तर ते पोर्ट कायमचं मुकं. आरजीबी पंख्यांची जोडणी तर जपून करावी. ५ व्होल्टचं ३ पिनी एआरजीबी आणि १२ व्होल्टचं ४ पिनी आरजीबी हे वेगळे प्रकार आहेत. ५ व्होल्टची पट्टी ओढूनताणून १२ व्होल्टच्या हेडरवर बसवली तर दिवे तिथेच जळतात.

रॅम: वेगात तडजोड चालेल, जोडीत नको

कोटेशनमधली "१६ जीबी डीडीआर५" ही ओळ अर्धी आहे. एक स्टिक की दोन? वेग किती? सीएल, म्हणजे प्रतिसादातला विलंब, किती (आकडा कमी तितका चांगला)? एकच स्टिक लावली की रॅम एकाच चॅनलवर चालते आणि प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फरक उघड दिसतो. ७६०० साठी डीडीआर५-६०००, सीएल३०, दोन स्टिकचा एकाच पेटीतला किट हा सर्वांत सुखाचा पर्याय. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि अनेकांचं बजेट नेमकं इथेच कोलमडलं. अशा वेळी ६००० सीएल३० ऐवजी ५६०० सीएल३६ किंवा सीएल४० चा किट घ्या, फरक थोडाच पडतो. जोडी मात्र मोडू नका. "आत्ता एक स्टिक घेऊ, दुसरी दिवाळीत" हा बेत डीडीआर५ वर धोक्याचा असतो. तेच मॉडेल सहा महिन्यांनी आतल्या वेगळ्या चिपसह येऊ शकतं आणि मग दोन्ही मिळून ६००० वर टिकत नाहीत.

चार स्टिक लावायचा मोह तर टाळलाच पाहिजे. एएमडीने ७००० मालिकेसाठी दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना केवळ ३६०० हा अधिकृत वेग दिलेला आहे. चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरायचे नसतात. दोन स्टिक असताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. बोर्डावर त्यांच्याजवळ ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं.

किट लावला म्हणजे तो आपोआप ६००० वर धावत नाही. सुरुवातीला तो ४८०० किंवा तशाच मूळ वेगावर चालतो. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो प्रोफाइल चालू करावं लागतं. एएमडीच्या लेखी हे ओव्हरक्लॉकिंग आहे, हेही माहीत असू द्या. एक्स्पोऐवजी फक्त एक्सएमपी (इंटेलची तशीच सेटिंग) लिहिलेले किट बहुतेक बोर्डांवर चालतात, पण बोर्डाच्या संकेतस्थळावरच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत) तुमच्या किटचा नंबर सापडला तर निम्मी काळजी मिटते.

ग्राफिक्स कार्ड: एकाच नावाची दोन कार्डं

पैशातला सर्वांत मोठा वाटा इथे जातो. एकूण बजेटच्या ३५ ते ४० टक्के रक्कम कार्डावर गेली तर गेमिंग पीसीचा तोल बरोबर राहतो. आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये आलं: ८ जीबी जीडीडीआर७, १४५ वॅट, पीसीआयई ५.० च्या ८ लेन. आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये आलं, आणि ते ८ जीबी व १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं. आरटीएक्स ५०६० टीआयचीही तशीच दोन रूपं आहेत. म्हणून "९०६० एक्सटी" एवढंच लिहिलेलं कोटेशन परत द्यावं आणि मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. जुनं उदाहरण याहून वाईट आहे. आरटीएक्स ३०५० च्या ६ जीबी आणि ८ जीबी कार्डांत फरक नुसता मेमरीचा नाही, ६ जीबीमध्ये कोरही कमी आहेत आणि मेमरीची बसही अरुंद. नाव मात्र तेच.

आमचा कौल १६ जीबीच्या ९०६० एक्सटीला आहे. फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला ५०६० भरपूर होतं, आणि डीएलएसएसचा (एआयच्या मदतीने गेमचा वेग वाढवणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राचा) फायदाही मिळतो. पण मोठे नवे गेम हाय टेक्स्चरवर लावले की १०८०पी वरही ८ जीबी भरून जाते. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरा दिसतो पण मध्येच झटके बसतात, आणि लोक विनाकारण प्रोसेसरला दोष देतात. कार्ड तीन-चार वर्षं ठेवायचं असेल तर मेमरीत काटकसर नको. शिवाय ९०६० एक्सटीला पूर्ण १६ लेन आहेत, त्यामुळे घरातल्या जुन्या पीसीआयई ३.० बोर्डावरही ते कमी हाल सोसतं.

लांबी मोजा. दोन पंख्यांची कार्डं साधारण २०० ते २५० मिलिमीटर, तीन पंख्यांची २८० ते ३३० पर्यंत जातात. कॅबिनेटच्या माहितीत दिलेली कमाल लांबी पुढचे पंखे धरून आहे की वगळून, ते विचारा. पंख्याची जाडी २५ मिलिमीटर असते आणि नेमकी तेवढीच जागा कमी पडते. जाडीही बघा. अडीच स्लॉटचं कार्ड मायक्रो-एटीएक्स बोर्डावर खालचा स्लॉट झाकून टाकतं, आणि पुढे तिथे काही लावायचं असेल तर ते राहून जातं.

एसएमपीएस

सर्वांत जास्त भांडण या ओळीवर करा. कोटेशनमध्ये बाकी बऱ्याच ओळींत निदान मालिका किंवा प्रकार तरी लिहिलेला असतो, इथे नुसते वॅट.

गणित सोपं आहे. प्रोसेसर ८८, कार्ड १४५ ते १८०, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० धरा. २८० ते ३२० वॅट. कागदावर चांगल्या कंपनीचा ५५० वॅटही पुरतो. आम्ही ६५० सांगतो ते दोन कारणांनी. कार्ड क्षणभरासाठी ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, आणि दोन वर्षांनी २५० वॅटचं कार्ड घ्यावंसं वाटलं तर एसएमपीएस बदलावा लागत नाही.

पण वॅटपेक्षा लेबल महत्त्वाचं. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेले असतात. खऱ्या ६५० वॅटच्या युनिटवर ते ५० च्या वर असले पाहिजेत, म्हणजे १२ गुणिले ५४ असा साधारण ६५० चा हिशोब लागतो. तिथे ३० किंवा ३५ दिसले तर पेटीवरचा मोठा आकडा विसरून जा. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड ही कार्यक्षमतेची पट्टी आहे. युनिटच्या आतल्या संरक्षणाची किंवा कपॅसिटरच्या दर्जाची हमी ती देत नाही. कंपनी स्वतः ५ वर्षांहून कमी वॉरंटी देत असेल तर दुसरं मॉडेल बघा. कॅबिनेटसोबत "फ्री" मिळणारा एसएमपीएस गेमिंग पीसीत अजिबात लावू नये. स्वस्त युनिट बिघडताना एकटं जात नाही, बोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकतं.

केबलींचा गोंधळ इथे होतो. प्रोसेसरची ८ पिन ४+४ अशी फुटते आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. दिसायला सारख्या, पण खाचा वेगळ्या. जोर लावावा लागत असेल तर केबल चुकीची आहे असं समजा. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या युनिटला कधीच लावू नका, अगदी त्याच कंपनीच्या असल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम ठरलेला नसतो, आणि चुकीच्या केबलने एसएसडी पहिल्या सेकंदाला जळू शकते. १६ पिनी जोड असलेलं कार्ड घेतलं तर तो जोड शेवटपर्यंत आत गेलाय हे डोळ्यांनी बघा आणि जोडाच्या अगदी जवळ केबल वाकवू नका.

पुण्यात याला जोडून यूपीएसचा विचार करावाच लागतो. उपनगरांत गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, पावसाळ्यात तर कधीही. ६०० व्हीएच्या यूपीएसवर वॅट बघितले तर साधारण ३६० च असतात. गेम चालू असताना या संचाचा आणि मॉनिटरचा मिळून भार त्याच्या अगदी काठावर जातो. १००० ते ११०० व्हीए, किमान ६०० वॅट लिहिलेला यूपीएस घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो स्क्वेअर वेव्ह आहे का ते बघा. आजच्या ॲक्टिव्ह पीएफसी एसएमपीएसना तो मानवत नाही, आणि काही युनिट वीज जाताच झटक्यात बंद पडतात. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंगच नाही.

एसएसडी, कूलर, कॅबिनेट

एसएसडीबद्दल थोडक्यात. ५१२ जीबी आता पुरत नाही. एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो, म्हणून १ टीबी. पेटीवर एनव्हीएमई आणि २२८० हे शब्द हवेत. एम.२ आकारातच साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडीही मिळते, ती स्लॉटात बसते पण बऱ्याच बी६५० बोर्डांवर ओळखली जात नाही. विंडोजमध्ये १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात, त्यात फसवणूक काही नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. एम.२चा बारीक स्क्रू बोर्डाच्या पेटीत असतो, तो आधी शोधून ठेवा.

रेथ स्टेल्थ ७६०० ला सांभाळतो, पण एप्रिल-मे मध्ये स्लॅबखालच्या खोलीत तो सतत पूर्ण वेगाने ओरडतो. १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घेतला तर तापमान आणि आवाज दोन्ही खाली येतात. वॉटर कूलिंगची या प्रोसेसरला गरज नाही. ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. टॉवर कूलरची उंची १५० ते १६० मिलिमीटर असते, कॅबिनेटची मर्यादा आधी बघा. जुना एएम४ चा कूलर वापरणार असाल तर तो बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटवर बसणारा हवा. एएम५ मध्ये ही बॅकप्लेट सॉकेटाला धरून असते, काढता येत नाही, त्यामुळे स्वतःची बॅकप्लेट मागणारे कूलर बसत नाहीत.

कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं घ्या. पुढे पूर्ण काच असलेलं दुकानात सुंदर दिसतं, पण हवेला वाट राहत नाही. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं या संचाला पुरतं. वाघोली, हिंजवडीसारख्या सतत बांधकाम चालू असलेल्या भागात जाळीचा फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा लागतो, तेव्हा तो सहज निघणारा असू द्या.

जोडणी आणि पहिली सुरुवात

एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात आणि त्या वाकल्या तर वॉरंटी नाकारली जाते. म्हणून बोर्ड दुकानातच उघडा, सॉकेटावरचं प्लास्टिकचं झाकण उचलून पिना बघा, दुकानदारासमोर फोटो काढा, आणि झाकण पुन्हा लावा. घरी प्रोसेसर ठेवताना झाकण आधी काढायचं नाही. त्रिकोणाची खूण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवा, पट्टी खाली आणून लिव्हर दाबा, झाकण आपोआप उडून येतं. लिव्हरला जोर लागतो, तो स्वाभाविक आहे.

मग ए२-बी२ मध्ये रॅम, दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत. मग एसएसडी, तिच्या हीटसिंकखालची पातळ प्लास्टिकची फिल्म सोलून. मग कूलर. रेथ स्टेल्थ बसवताना बोर्डावरचे दोन प्लास्टिकचे ब्रॅकेट काढून चार स्क्रू थेट बॅकप्लेटमध्ये जातात, तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळत. त्याला पेस्ट आधीच लावलेली असते, वरून आणखी लावू नका.

इथेच थांबून, बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीवर ठेवून, ग्राफिक्स कार्डाशिवाय एकदा चालू करून बघा. ७६०० घेतल्याचा फायदा इथे मिळतो. २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन जोडा, बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखे फिरतील, बोर्डावरचा डीरॅमचा (रॅम तपासणीचा) दिवा लागेल आणि पडदा काळाच राहील. घाबरून वीज बंद करू नका. डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःचं ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्डाशी वेग जुळवून घेते, त्याला काही मिनिटं जातात. दहा मिनिटं थांबा. मध्येच बंद केलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि अनेक धडधाकट रॅम याच गैरसमजातून दुकानात परत जातात.

चित्र आलं की कॅबिनेटमध्ये. बोर्डाला जिथे भोक नाही तिथला कॅबिनेटमधला स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा धातूचा छोटा खुंट) काढून टाका, नाहीतर तो मागून शॉर्ट करतो. मागची पत्र्याची आयओ पट्टी सुटी असेल तर ती बोर्डाच्या आधी. कार्ड वरच्या लांब स्लॉटात, कुलूप लागेपर्यंत. त्यानंतर मॉनिटरची केबल कार्डालाच लावायची. सगळं जोडूनही डिस्प्ले येत नसेल तर आधी हीच केबल बघा, मग प्रोसेसरची ८ पिन, मग रॅम काढून परत दाबा, मग कार्डाची वीज. बहुतेक वेळा या चारांतच सापडतं.

बायोस नवं करून एक्स्पो चालू करा, रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी वापरू देणारी सोय) चालू आहे का बघा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतो, तो एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम नावाने असतो. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या पीसीवर ते टाकून घेऊ नका. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएमसोबत सिक्युअर बूटही लागतं, आणि त्यासाठी बायोसमधली सीएसएम ही जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय बंद ठेवून जीपीटी (नव्या पद्धतीने विभागलेल्या) डिस्कवर विंडोज टाकलेलं असलं पाहिजे. दुकानात घाईत सीएसएम चालू ठेवून इन्स्टॉल केलेल्या पीसीवर हा गेम उघडत नाही आणि दोष गेमला दिला जातो. इन्स्टॉल करताना नेट चालत नसेल तर बोर्डाच्या लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणून ठेवलेले कामी येतात. शेवटी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १६५ किंवा १८० करा. विंडोज कित्येकदा तो ६० वरच ठेवतं.

खरेदी कुठे आणि कशी

टिळक रोडच्या दुकानांचा मोठा गुण म्हणजे वस्तू हातात घेऊन तपासता येते आणि सुरुवातीच्या दिवसांत बिघडली तर समोरासमोर बोलता येतं. तपकीर गल्लीत पीसीच्या भागांपेक्षा केबली, अर्थिंगचे बोर्ड, स्पाइक गार्ड आणि यूपीएसची बॅटरी यांसाठी जावं. गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, मंडई मेट्रो स्थानक तिथून चालण्याच्या अंतरावर आहे. ऑनलाइन भाव कधीकधी कमी दिसतो, पण बोर्ड आणि प्रोसेसर हे दोन भाग तरी आम्ही दुकानातूनच घेऊ, पिनांच्या त्या एका कारणासाठी.

बोलताना संकोच नको. "दादा, एसएमपीएसचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून द्या, रॅमच्या स्टिक किती आणि सीएल किती तेही लिहा" एवढं म्हटलं की चांगला दुकानदार लगेच लिहून देतो. जो "सगळं एकच असतं" म्हणतो, त्याच्याकडून केबल घ्या, पीसी नको. अठरा टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर मागा. विनाबिल मिळणारी सूट वॉरंटीच्या वेळी महाग पडते. पेटीवर भारतातल्या आयातदाराचं लेबल नसेल तर वॉरंटी कोण देणार ते लेखी घ्या.

घरी आल्यावर सगळ्या पेट्या, न वापरलेल्या केबली आणि सॉकेटातून उडालेलं ते काळं झाकण बोर्डाच्या पेटीत ठेवा. बोर्ड वॉरंटीला पाठवताना ते झाकण लावूनच द्यावं लागतं, आणि सुटं झाकण बाजारात शोधत फिरणं जिकिरीचं आहे.